दादाच्या ड्रॉवरमधलं पाकीट



आधीच सांगून ठेवतो, या वेळचं सदर जेवताना वाचू नका. चहा घेत वाचणाऱ्यांनी आधी चहा संपवा. विषय दोन आहेत, शी आणि राजकारण. आपल्या मंडळात दोन्ही वर्ज्य! पहिल्याबद्दल बोलायची लाज वाटते आणि दुसऱ्याबद्दल बोललं की भांडणं होतात. तरीही लिहितोय, कारण दोन्हींचा संबंध एका पाकिटाशी आहे आणि ते पाकीट चार महिने माझ्या मावसभावाच्या ड्रॉवरमध्ये पडून होतं.

झालं असं की लाँग वीकेंडला आम्ही लेस्टरला दादाकडे गेलो होतो. दादा माझ्याहून सतरा वर्षांनी मोठा. २००१ साली इकडे आला. आम्हा सगळ्या धाकट्यांना व्हिसापासून मॉर्गेजपर्यंत सल्ला देणारा तोच. जेवणं झाली, मी बॅटरीचे सेल शोधायला स्वयंपाकघरातला 'सटरफटर' ड्रॉवर उघडला (प्रत्येक मराठी घरात तो असतोच), तर टेकअवेची मेनूकार्डं, रबरबँडं आणि जुन्या चाव्यांच्या खाली एनएचएसचं एक न फोडलेलं पाकीट.

"दादा, हे काय रे?"

"अरे ते... काही नाही. चोपन्न पूर्ण झाली ना, म्हणून पाठवलंय. शीचा नमुना घेऊन पोस्टाने पाठवा म्हणे. वेडे आहेत का हे लोक?"

वहिनी आतून म्हणाल्या, "भावजी, तुम्हीच सांगा आता यांना. मी सांगून थकले."

"मला काय झालंय? पोट साफ, भूक व्यवस्थित. शिवाय आपण शाकाहारी माणसं."

मी त्या वेळी काही बोललो नाही. बोलू शकलो नाही म्हणा. कारण ते पाकीट बघून मला आमचे सर आठवले.

सर म्हणजे माझ्या इथल्या पहिल्या प्रोजेक्टवरचे लीड. मूळचे नाशिकचे. मी नवा नवा आलो तेव्हा थंडीचा कोट कुठला घ्यावा इथपासून क्लायंटला 'नाही' कसं म्हणावं इथपर्यंत सगळं त्यांनी शिकवलं. २०१७ साली, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर असल्याचं निघालं. त्याआधी कित्येक महिने अधूनमधून रक्त पडत होतं. सरांनी स्वतःच निदान केलं, मूळव्याध! इसबगोल सुरू केला, तिखट बंद केलं, आणि घरात कुणाला सांगितलं नाही. जीपीकडे गेले तोवर रोग यकृतापर्यंत पोचला होता. २०१९ मध्ये सर गेले.

आमच्या कंपनीचं एक ऑफिस एडिंबरोला आहे. तिथे सरांच्याच वयाचे एक स्कॉटिश सहकारी होते. त्यांना पन्नाशीपासून दर दोन वर्षांनी तपासणीचं पाकीट घरी येत होतं. सरांना साठाव्या वर्षी येणार होतं. देश तोच, एनएचएस म्हणायची पद्धत तीच, कंपनीही तीच. फरक फक्त पत्त्याचा. सर हॉस्पिटलमध्ये असताना हसत म्हणाले होते, "माझा पिनकोड चुकला रे."

ते पाकीट आलं असतं तर सर वाचले असते का? मला माहीत नाही, आणि तसा दावाही मी करणार नाही. पण आकडे पाहा. हा कॅन्सर पहिल्या टप्प्यावर सापडला तर दहातले नऊहून जास्त लोक पाच वर्षं किंवा त्याहून जास्त जगतात. चौथ्या टप्प्यावर सापडला तर दहातला साधारण एक. ब्रिटनमध्ये कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमध्ये याचा नंबर दुसरा, फुप्फुसाच्या कॅन्सरच्या खालोखाल. वर्षाला १६ हजारांहून जास्त माणसं जातात.

आता मूळ मुद्दा. स्कॉटलंडमध्ये ५० आणि इंग्लंडमध्ये ६०, हा फरक कुणी कमी केला? दादाला चोपन्नाव्या वर्षी पाकीट कसं आलं? माझी समजूत होती की कुणीतरी तज्ज्ञ बसले असतील, एक्सेल शीट उघडली असेल, आणि निर्णय झाला असेल. सर गेल्यावर मी त्यावर जरा वाचायला लागलो तेव्हा कळलं की गोष्ट बरीच लांबलचक आहे, आणि तिच्यात राजकारण भरपूर आहे.

इंग्लंडमध्ये हा तपासणी कार्यक्रम २००६ साली सुरू झाला. आधी ६० ते ६९ वयासाठी, मग वरची मर्यादा ७४ पर्यंत गेली. स्कॉटलंडने २००७ मध्ये सुरुवात केली ती थेट ५० पासून. म्हणजे दहा वर्षांचं अंतर पहिल्या दिवसापासून होतं. मध्ये इंग्लंडने वेगळा उपाय करून पाहिला. ५५ व्या वर्षी एकदाच नळीने आतड्याचा खालचा भाग तपासायचा. २०१३ मध्ये तो सुरू झाला, पण तपासणारी माणसंच पुरेशी नव्हती. तो देशभर कधी पोचलाच नाही आणि शेवटी बंद झाला. सरांच्या भागात तो नव्हता.

दुसरी गोष्ट चाचणीची. जुन्या चाचणीत तीन वेगवेगळ्या दिवशी नमुने घेऊन पुठ्ठ्याच्या कार्डावर लावायचे होते. पुष्कळ लोक वाचूनच कार्ड बाजूला ठेवत. नवी चाचणी, जिला इथे 'फिट' म्हणतात, तिला एकच नमुना लागतो. छोट्या बाटलीच्या झाकणाला काडी असते, ती टोचायची आणि झाकण लावायचं. इंग्लंडमधल्या प्रयोगात नव्या चाचणीमुळे प्रतिसाद सुमारे ७ टक्क्यांनी वाढला. मंत्र्यांनी ती २०१६ मध्ये मंजूर केली. सुरू व्हायची होती २०१८ च्या एप्रिलमध्ये, झाली २०१९ च्या जूनमध्ये! आपण आयटीवाले एका रिलीजला तीन आठवडे उशीर झाला तर क्लायंटच्या शिव्या खातो. इथे चौदा महिने लागले, आणि या रिलीजची वाट बघणारे युजर कोण होते ते सांगायला नको.

या सगळ्या काळात सरकारच्या मागे लागलेली माणसं कोण? त्यात 'बॉवेल कॅन्सर यूके' ही चॅरिटी होती. 'बीटिंग बॉवेल कॅन्सर' ही दुसरी चॅरिटी २०१८ च्या सुरुवातीला तिच्यात विलीन झाली. (दोन संस्था भांडण न करता एक झाल्या, हे आपल्या मंडळांनी नोंद करून ठेवावं!) माझ्या डोक्यात चॅरिटी म्हणजे मॅरेथॉन, केक विकणं, रंगीत टी-शर्ट. तेही ते करतात. पण त्यांचं निम्मं जाळं वेस्टमिन्स्टरकडे टाकलेलं असतं. खासदारांना भेटायचं, रुग्णांना त्यांच्याच मतदारसंघातल्या खासदारासमोर बसवायचं, सह्या गोळा करायच्या, अहवाल काढायचे, पक्षांकडे मागण्या पाठवायच्या. आपल्या ओळखीचं एक हत्यारही त्यांनी वापरलं, माहितीचा अधिकार. लिंच सिंड्रोम म्हणून एक आनुवंशिक दोष आहे, त्यात या कॅन्सरचा धोका खूप वाढतो. प्रत्येक रुग्णाची त्यासाठी चाचणी केली तर त्याच्या भावंडांना आणि मुलांना वेळेत सावध करता येतं. तशी शिफारस २०१७ च्या फेब्रुवारीत झाली. मग यांनी माहितीच्या अधिकारात हॉस्पिटलांना विचारलं, तुम्ही ही चाचणी खरंच करता का? कागदावर नियम आला म्हणजे काम झालं असं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्या भाषेत, डिप्लॉय केलं म्हणजे लोक वापरतात असं नाही.

वयाच्या मागणीसाठी एका मुलीने, जिची आई पंचावन्नाव्या वर्षी या रोगाने गेली, सह्यांची मोहीम सुरू केली आणि लाखो सह्या जमल्या. २०१८ मध्ये जॉर्ज अलागाया या मोहिमेच्या बाजूने बोलले. बीबीसीच्या बातम्यांमधला हा चेहरा तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. मूळचे श्रीलंकेचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. त्यांना २०१४ मध्ये चौथ्या टप्प्यावरचा कॅन्सर निघाला, तेव्हा वय ५८. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मी स्कॉटलंडमध्ये राहत असतो तर माझी तपासणी आधीच झाली असती. २०२३ च्या जुलैमध्ये ते गेले. त्या रात्री बातम्या बघताना मला सरांचं पिनकोडचं वाक्य आठवत राहिलं.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या तपासणी समितीने वय ५० करावं अशी शिफारस केली आणि मंत्र्यांनी ती मान्य केली. एकट्या चॅरिटीमुळे झालं असं मी म्हणणार नाही, संशोधकांचा पुरावा नसता तर नुसत्या सह्यांना कुणी विचारलं नसतं. पण पुरावा आणि स्कॉटलंड दोन्ही आधीपासून समोर होते, तरी फाईल हलायला कुणीतरी रोज दार वाजवावं लागलं. आणि मान्य झाल्यावरही? अंमलबजावणी २०२१ मध्ये ५६ वर्षांच्या लोकांपासून सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने २०२५ मध्ये ५० पर्यंत पोचली. घोषणेपासून जवळजवळ सात वर्षं. वेल्सही २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ५० वर आला.

इथे कुणीतरी विचारणारच, चॅरिटीने राजकारण करावं का? मलाही ही शंका होती. आपल्याकडे 'संस्थेत राजकारण शिरलं' म्हणजे संस्था बुडाली. आपल्या मंडळाच्या घटनेत तर 'बिगर-राजकीय' हा शब्द पहिल्याच पानावर आहे. इथला कायदा मात्र एक रेघ मारतो. चॅरिटी कमिशनच्या २००८ च्या मार्गदर्शनाप्रमाणे चॅरिटीला कायदा किंवा धोरण बदला म्हणून मोहीम करता येते, जर ती तिच्या मूळ कामासाठी असेल तर. पण राजकारण हाच तिचा एकमेव उद्देश असू शकत नाही, आणि कुठल्याही पक्षाला पाठिंबा तर अजिबात नाही. २०१४ च्या कायद्याने निवडणुकीच्या आधीच्या काळात अशा खर्चावर आणखी बंधनं आली. थोडक्यात, 'यांना मत द्या' म्हणायचं नाही, पण 'जो येईल त्याने हे करावं' असं सगळ्यांना सारख्याच आवाजात सांगायचं. मला ही रेघ पटली. कोलोनोस्कोपीची रांग डाव्या-उजव्या सगळ्यांना सारखीच लागते.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो लपवणार नाही. ज्या रोगातून माणसं वाचतात त्या रोगाला बोलणारी माणसं मिळतात. आतड्याच्या कॅन्सरमधून बरे झालेले हजारो लोक खासदाराकडे जाऊ शकतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे रुग्ण बहुतेक तेवढा काळ जगतच नाहीत. मग ज्याचा आवाज मोठा त्याला पैसा, असं होणार नाही का? होऊ शकतं. म्हणूनच शिफारस देणारी समिती वेगळी असणं आणि चॅरिटीचे हिशेब सगळ्यांना बघता येणं महत्त्वाचं. (चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत ते असतात, देणगी देण्याआधी बघत जा.) पण यावर उपाय म्हणून सगळ्यांनी गप्प बसावं, असं मला वाटत नाही.

अमेरिकेतल्या मंडळींना वाटेल, हे तुमच्या एनएचएसचं रडगाणं. तर तुमच्याकडचंही ऐका. तिथे तपासणीची शिफारस २०२१ च्या मे महिन्यात ५० वरून ४५ वर आली. आणि मेडिकेअरमध्ये एक गंमत होती. तपासणीची कोलोनोस्कोपी फुकट, पण त्यात पॉलिप सापडला आणि डॉक्टरांनी तो तिथेच काढला की 'उपचार' झाला म्हणून बिल! ज्यासाठी तपासणी करायची तेच सापडलं म्हणून दंड. हा खर्च टप्प्याटप्प्याने काढून टाकणारा कायदा २०२० च्या डिसेंबरमध्ये झाला, तोही रुग्णसंघटनांनी वर्षानुवर्षं काँग्रेसच्या सदस्यांचे उंबरठे झिजवल्यावर.

आणि आता आपण, म्हणजे तिशी-चाळिशीतले. आपल्याला कुठलंच पाकीट येणार नाही. ब्रिटनमध्ये पन्नाशीच्या आतल्या अडीच हजारांहून जास्त लोकांना दर वर्षी हा रोग होतो, आणि तरुणांमधलं प्रमाण वाढतंय. डेबोरा जेम्स या शिक्षिकेला तो झाला तेव्हा वय ३५ होतं. तिने पुढची पाच-साडेपाच वर्षं रेडिओवर, पेपरात, जिथे मिळेल तिथे 'शी बघा, लाजू नका' हेच सांगितलं. २०२२ च्या जूनमध्ये, चाळिसाव्या वर्षी, ती गेली. मी आता ३७ चा आहे. म्हणून लक्षणं लिहून ठेवतो: शीतून रक्त, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, कारण नसताना वजन कमी होणं, फार थकवा, पोटात दुखणं किंवा गाठ. बहुतेक वेळा कारण साधंच असतं, मूळव्याधही असते. पण ती आहे हे जीपीने सांगू दे, आपण नाही. आणि शाकाहाराबद्दल: लाल मांस आणि सॉसेज-बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस धोका वाढवतं हे खरं. ते न खाणाऱ्याला रोग होतच नाही, हे मात्र खरं नाही. सर कट्टर शाकाहारी होते.

भारतात याची अशी घरपोच राष्ट्रीय तपासणी नाही. तेव्हा पुढच्या फोनवर आई-बाबांना जेवलात का, औषध घेतलं का याच्या पुढे जाऊन एकदा हेही विचारा. अवघड जाईल. मलाही गेलं. बाबा म्हणाले, "हे विचारायला लंडनहून फोन केलास?" आणि मग आईकडे फोन दिला!

आता दादाकडे परत येतो. रात्री सगळे झोपल्यावर मी त्याला सरांची गोष्ट सांगितली. तो सरांना एकदा गणपतीत भेटला होता. ऐकून काही बोलला नाही. मी फक्त एवढंच म्हटलं, "दादा, हे पाकीट साठाच्या ऐवजी चोपन्नाव्या वर्षी यावं म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं खेटे घातले. त्यातल्या काहींना माहीत होतं की आपल्याला याचा उपयोग नाही. आणि ते तुझ्या ड्रॉवरमध्ये मेनूकार्डांखाली आहे." दक्षिण आशियाई लोकांमध्ये ही पाकिटं परत पाठवण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आहे, हे इथल्या अभ्यासांतून वारंवार दिसलंय. म्हणजे ड्रॉवर फक्त दादाचाच नाही.

चार दिवसांनी वहिनींचा मेसेज आला, "पाठवलं एकदाचं. स्वतः पोस्टाच्या पेटीत टाकून आले." दोन आठवड्यांत निकाल आला: पुढच्या तपासणीची गरज नाही. दर शंभरातल्या सुमारे अठ्ठ्याण्णव जणांना हेच उत्तर येतं. याचा अर्थ पुढे कधीच काही होणार नाही असा नाही. लक्षण दिसलं तर जायचंच, आणि दोन वर्षांनी पुन्हा पाकीट येईल. वहिनी म्हणाल्या, आता त्याची जागा ड्रॉवरमध्ये नाही, फ्रिजच्या दारावर.

आणि माझं काय? दादाला उपदेश करून घरी आलो आणि लक्षात आलं की इथे नऊ वर्षं टॅक्स भरतोय, पण स्वतःच्या खासदाराला एक ओळ कधी लिहिली नाही. मी तर भारतीय पासपोर्टवाला, मला काय अधिकार, असं धरून चाललो होतो. तर ऐका मंडळी: ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणारा भारतीय नागरिक कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून इथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देऊ शकतो. वर्क व्हिसावर असला तरी. फक्त मतदार यादीत नाव नोंदवायला हवं. आणि खासदाराला पत्र लिहायला तर मतदार असायचीही गरज नाही, त्याच्या मतदारसंघात राहत असलात की झालं. पत्रात पूर्ण पत्ता टाका म्हणजे तुम्ही त्याच्याच भागातले हे कळतं.

मी अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. सरांबद्दल तीन ओळी. मग दोन प्रश्न. स्कॉटलंडने चाचणीची रक्ताची मर्यादा ८० ठेवली तेव्हा इंग्लंडने २०१९ मध्ये ती १२० वर ठेवली, म्हणजे थोडं रक्त असलेले लोक इथे 'ठीक आहे' म्हणून घरी राहिले. कारण कोलोनोस्कोपी करणारे हात कमी. ते हात वाढवायचं काय ठरलंय? आणि आमच्या भागात सहा आठवड्यांपेक्षा जास्त किती जण थांबलेत? तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अर्धं उत्तर छापील होतं. पण दुसऱ्या प्रश्नाबद्दल त्यांनी हॉस्पिटलकडे विचारणा पाठवल्याची प्रत जोडली होती. हॉस्पिटलचं उत्तर अजून यायचंय. महिना झाला की मी पुन्हा विचारणार आहे. तिकीट उघडं ठेवून विसरायची सवय आपल्या धंद्यात नाही!

तुमच्यापैकी कुणी खासदाराला किंवा काँग्रेसमनला असं लिहिलं असेल तर कसं लिहिलं, काय उत्तर आलं, जरूर कळवा. पुढच्या अंकात एकत्र करून देईन. आणि घरातला सटरफटर ड्रॉवर आज रात्री एकदा उघडून बघा.

चूकभूल द्यावी घ्यावी.

कळावे, लोभ असावा.
— रेडिंगहून, तुमचाच